लॅमिनेट केलेले शब्द

निनाद चार वर्षांचा होता आणि मी तेरा, त्या वर्षी आमच्या घरात मराठी बोलण्यावर बंदी आली. बंदी फक्त मराठीवर होती, पण आईला दुसरी कुठली भाषा सलग बोलता येत नसल्यामुळे ती एकूण बोलण्यावरच आली म्हणायला हरकत नाही. ती घालणारा माझा बाप होता आणि त्याचा हेतू अतिशय चांगला होता. आमच्या घरातली बहुतेक नुकसानं चांगल्या हेतूनेच झालेली आहेत.

त्याआधीचं घर मला आवाजांनीच आठवतं. क्रेगीबर्न नावाच्या परदेशी उपनगराच्या अगदी कडेला, जिथे डांबरी रस्ता संपून वाळकं गवत सुरू व्हायचं, तिथे आम्ही राहायचो. शेजारच्या प्लॉटवर घरं बांधायचं काम चालू असे, त्यामुळे सकाळी सातपासून खिळे ठोकायच्या मशीनचा खटखटाट आणि कुंपणावर मॅगपाय पक्ष्यांची भांडणं. पण ह्या सगळ्याच्या वर आईचा आवाज. आई एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये पहाटेच्या शिफ्टला जायची आणि दुपारी दोनला घरी यायची. तिथे म्हणे ती आठ तास तोंड मिटून काम करायची. घरी आली की आठ तासांचं साठलेलं एकदम बाहेर पडायचं. स्वयंपाक करताना तर ती स्वतःच्या हातांचं धावतं वर्णन करायची. निनाद ओट्याजवळच्या प्लॅस्टिकच्या स्टूलवर उभा, हातात कणकेचा गोळा, आणि आईचं चालू: "आता तेल तापलं. आता मोहरी. थांब, तडतडू दे. तडतडली? आता काय?" निनाद ओरडायचा, "हिंग!" चूक झाली तरी आई थांबायची नाही. "हिंग नंतर, आधी जिरं, नाहीतर आमटी रुसते." वरणफळं करताना फळं वरणात सोडायचं काम त्याचं होतं आणि प्रत्येक फळ सोडताना तो त्याला "चल, पोहायला जा" असं सांगायचा. पोळ्या लाटताना आई आपल्या वडिलांच्या गोष्टी सांगायची. आजोबा फलटणकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे गोष्टींमध्ये माणसं कमी आणि गुरंढोरं जास्त. मी तेरा वर्षांची, म्हणजे शहाणी. मी हेडफोन लावून बसायचे आणि ऐकत नसल्याचं दाखवायचे. पुष्कळदा खरंच ऐकत नसे, आणि त्याचं प्रायश्चित्त मला पुढे मिळालं.

निनाद घरात असा बडबड्या, आणि किंडरमध्ये मात्र गप्प. किंडर म्हणजे शाळेआधीचा बालवर्ग. तिथल्या हेदर नावाच्या टीचरने एक दिवस आईबाबांना बोलावलं आणि एक कागद दिला. कागदावर तीन रकाने होते: तीन वर्षांच्या मुलाला कुठले शब्द यावेत, चार वर्षांच्या, पाच वर्षांच्या. निनादचा तीन वर्षांचा रकानासुद्धा अर्धा रिकामा होता. हेदरने सांगितलं की पुढच्या वर्षी त्याला प्रेपमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात घालायचं की किंडरमध्येच आणखी एक वर्ष ठेवायचं ते टर्म संपताना, म्हणजे दहा आठवड्यांनी, पुन्हा बघून ठरवू. तोपर्यंत त्याला जमेल तेवढं इंग्लिश ऐकवा. एवढंच. जाताना "नो वरीज" असंही म्हणाली. पण आमच्या लोकांना कोणी हातात कागद दिला की तो सल्ला राहत नाही, सरकारी आदेश होतो. बाबाने तो कागद दुसऱ्या दिवशी वेअरहाऊसमध्ये नेऊन लॅमिनेट करून आणला आणि फ्रीजवर लावला. शेजारी, न मागता, माझ्यासाठीही एक: तेराव्या वर्षी मुलांना यावेत असे शब्द, नेटवरून शोधून छापलेले. हायपोथिसिस, रिलक्टंट, अँबिग्युअस. मी उभ्या उभ्या सगळ्यांवर टिक केली आणि वर मान करून बाबाकडे पाहिलं. मला स्वतःबद्दल त्या काळात फार चांगलं मत होतं.

त्या संध्याकाळी जेवायच्या टेबलावर बाबाने जाहीर केलं, "आजपासून घरात ओन्ली इंग्लिश. टर्म संपेपर्यंत. नो एक्सेप्शन्स."

आई वाढत होती. तिने डाव भाताच्या भांड्यात तसाच ठेवला. "मंदार, मला नाही जमायचं."

"जमेल. मला तरी कुठे जमत होतं?" बाबाचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं, चढलेला आवाज उतरतो तरी. "मी इथे युनिव्हर्सिटीत आलो ना, पहिल्या ट्युटोरियलला मला प्रेझेंट करायचं होतं. सगळं येत होतं गं मला. उभा राहिलो आणि तोंडातून शब्द फुटेना. दोन मिनिटं. शेवटी माझ्या ग्रुपमधल्या एका पोराने माझा भाग बोलून टाकला, आणि खाली बसताना मला थँक यू म्हणायला लागलं त्याला. मी नाही निनादला तसं उभं राहू देणार."

आईने डाव पुन्हा उचलला. तिने नंतर मला भांडी लावताना हळूच सांगितलं की तिला बाबाचं पटलेलं नाही, पण आपल्या हट्टापायी पोराचं एक वर्ष गेलं तर आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी आज आई आहे, मला तिची भीती आता कळते. तेव्हा मला ती फक्त घाबरट वाटली होती.

मग सुरू झालं आमचं इंग्रजी घर. आईकडे इंग्रजी होतं ते सगळं वृद्धाश्रमाच्या किचनमधलं. "मील रेडी." "हॉट, केअरफुल." "फिनिश?" एकदा तिने निनादला "यू वॉन्ट सॉफ्ट डाएट?" असं विचारलं आणि मी हसून हसून खाली बसले, आई हसली नाही. फोडणी गुपचूप व्हायला लागली. मोहरी तडतडायची, आईचे ओठ हलायचे आणि ती ते दाबून धरायची. निनाद स्टूलवर चढायचा, तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि थोड्या वेळाने उतरून निघून जायचा. कोशिंबिरीला काय म्हणायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कोशिंबीर मागायची सोय संपली. हवी असली तर तो बोट दाखवायचा. आधी जेवताना बोट, मग आंघोळीला बोट, मग सगळ्यालाच बोट. बाबा रोज कामावरून आल्यावर त्याला फ्रीजसमोर उभं करून कागदावरचे शब्द म्हणून घ्यायचा. निनाद म्हणायचा, पाठ म्हणायचा, आणि सुटका झाली की पुन्हा गप्प. बाबाला टिकच्या खुणा वाढताना दिसत होत्या. घरातलं एक माणूस कमी होतंय हे दिसत नव्हतं, किंवा दिसत असेल आणि दहा आठवड्यांनी ठीक होईल असं तो स्वतःला सांगत असेल.

एका शनिवारी दुपारी मी खोलीत अभ्यास करत होते. निनाद आत आला, दार लावलं, मग दाराखालच्या फटीवर माझा टॉवेल नीट पसरून ठेवला, आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ताई, इथे चालतं का?"

"काय चालतं का?"

"बोललेलं."

मी त्याला मांडीवर घेतलं. मी काही प्रेमळ बहीण वगैरे नव्हते, त्याने माझे हेडफोन तोडल्याबद्दल त्याला बऱ्याचदा धपाटे घातले होते. पण त्या क्षणी मला इतका राग आला की कानशिलं तापली. चार वर्षांचं पोर स्वतःच्या घरात बोलायला परवानगी मागतंय. "चालतं," मी म्हटलं. "ह्या खोलीत सगळं चालतं." आणि मग तो जो सुटला! पायाला मुंगी चावली होती ती तीन दिवसांपूर्वीची. आता खाज जाऊन नुसतं चुरचुरतंय. किंडरमधला एक मुलगा त्याचा डबा हुंगून नाक मुरडतो. आई रागावली आहे का? बाबाला मराठी ऐकू आलं की तो मरतो का? मी ऐकत राहिले आणि त्याच दुपारी ठरवलं की त्या कागदाला मी पुरून उरेन.

गणिताची एक कोरी वही काढली आणि पानांवर त्याच कागदासारखे रकाने आखले. तीन वर्षं, चार वर्षं, पाच वर्षं. शिकवायचं काही नाही, आपणहून तो जे बोलेल ते फक्त लिहायचं, हा माझा नियम. रोज शाळेतून आल्यावर बाबा येईपर्यंतचा तासभर माझा. सांडलं, लवंडलं, ओतलं ह्यांतला फरक त्याला कळत होता. उष्टं, खरकटं, शिळं कळत होतं. चिकट, बुळबुळीत, खरखरीत हे वेगवेगळे आहेत हे तो हात लावून दाखवत होता. "काल" आणि "परवा" बरोबर. "म्हणून" आणि "तरी" बरोबर. "रुसणे" आणि "रागावणे" ह्यांत काय फरक, असं मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाला, "रागावलेला माणूस येतो, रुसलेला माणूस जातो." हे मला आजतागायत कुठल्याही कोशात इतकं नेमकं सापडलेलं नाही. माझं मराठी लिहिणं दिव्य होतं, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, अर्धी अक्षरं रोमन. पण वही भरत गेली आणि बहुतेक शब्द पाच वर्षांच्या रकान्यात पडत होते.

टर्म संपायला आठवडा राहिला तेव्हा बाबाला ती वही सापडली. माझ्या पलंगावर बसून त्याने ती पहिल्या पानापासून वाचली. मी दारात उभी, भांडायच्या तयारीत. तो रागावला नाही. वही मिटून एवढंच म्हणाला, "सगळं खरं आहे गं, मुक्ता. पण त्या बाईला ह्यातलं काय कळणार? शी कान्ट टिक धिस."

"मग तिला कळेल असं मी करते. मी मीटिंगला येणार."

"तुझं काय काम तिथे?"

"तो कोणाशी बोलतो, बाबा? तुझ्याशी? तू सांग, शेवटचं कधी बोलला तो तुझ्याशी?"

बाबा वही माझ्या हातात देऊन उठला, पण नाही म्हणाला नाही. मी ते होकार समजले. तेराव्या वर्षी असे होकार भरपूर गोळा करता येतात.

मीटिंगला आम्ही चौघे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो होतो, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. आई कोपऱ्यात, पर्स मांडीवर घट्ट धरून. असल्या ठिकाणी ती कधीच बोलायची नाही, बाबाच बोलायचा. हेदरने चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा काढला. पहिले चार निनादला आले, कारण ते फ्रीजवर होते. पाचव्यापासून तो गप्प झाला. सहावा, सातवा. हेदर मऊ आवाजात "टेक युअर टाइम, मेट" म्हणत होती आणि तिची पेन्सिल कागदावर अडकून राहिली होती. बाबाच्या मानेवरची शीर मला दिसत होती. मी हात वर केला, वर्गात करतात तसा.

मी तिला समजावलं: मी पाठ फिरवून बसते. तुम्ही पत्ता त्याला दाखवा, मला नको. तो मला त्याच्या भाषेत सांगेल काय आहे, आणि मी न बघता तुम्हाला इंग्लिशमध्ये सांगेन. त्याला शब्द येत नसेल तर मलाही कळणार नाही. हेदरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दॅट्स फेअर."

मी खुर्ची भिंतीकडे वळवली. मागे काहीच आवाज येईना. "बोल रे निनाद," मी भिंतीला म्हटलं, "इथे चालतं." तरी नाही. आईने नंतर सांगितलं की तो बाबाकडे बघत होता. तो एकटक बघत राहिला, आणि शेवटी बाबाने मान हलवली. मला फक्त ते बारीक, खरखरलेलं "शिडी" ऐकू आलं. "लॅडर," मी म्हटलं. "होडी." "बोट." "कोळ्याचं जाळं, पण कोळी जेवायला गेलाय." हेदरला मी ते सगळं सांगितलं, कोळ्याच्या जेवणासकट, आणि ती हसली, म्हणजे बरोबर होतं. एका पत्त्याला तो अडला. मग म्हणाला, "समुद्राच्या काठी उभा असतो तो. अंधारात दिवा लावतो म्हणजे होड्या आपटत नाहीत." लाइटहाउस! मागे पेन्सिल चालल्याचा आवाज आला आणि मी भिंतीकडे बघून दात काढले. जिंकत होतो आम्ही.

आणि तेवढ्यात तो ठणठणीत आवाजात म्हणाला, "शिंगरू."

मला काहीच कळलं नाही. शिंगरू? मी डोकं खाजवलं. शिंगाचं काहीतरी? बकरी म्हणू? चूक निघालं तर आधीचंही सगळं फुकट जाणार, ह्या पोरीने जुळवून आणलंय असं वाटणार. "नीट सांग ना," मी कुजबुजले. "शिंगरू आहे गं ताई," तो वैतागून म्हणाला, "शिंगरूच आहे." सेकंद जात होते. अँबिग्युअस शब्दावर टिक केलेली मी, एका चार वर्षांच्या मुलाचा शब्द मला येत नव्हता.

"हॉर्स," कोपऱ्यातून आवाज आला. आईचा. पहिल्यांदा बारीक आणि मग मोठा. "बट स्मॉल. बेबी हॉर्स. ही इज राइट. माय डॉटर डोन्ट नो." मी वळून बघितलं. आई उभी राहिली होती, पर्स खाली पडली होती. "आय टोल्ड हिम. काऊ बेबी, वासरू. बफेलो बेबी, रेडकू. गोट बेबी, करडू. शीप बेबी, कोकरू. ही नोज ऑल. यू आस्क. ही नोज ऑल." तिचे गाल लाल झाले होते, आणि ती बाबाकडे बघतसुद्धा नव्हती.

हेदरने पत्ता उलटून मला दाखवला. "इट्स अ फोल," ती म्हणाली. "माझ्या वर्गातली निम्मी मुलं ह्याला नुसतं हॉर्स म्हणतात." मग तिने सगळे पत्ते खाली ठेवले, निनाद प्रेपला जाईल असं सांगितलं, आणि आईला विचारलं की घरी तो रोज असाच बोलतो का? आई म्हणाली, "नो. होम, ओन्ली इंग्लिश." बाबा म्हणाला, तुम्हीच तर सांगितलंत, इंग्लिश ऐकवा म्हणून. हेदर गोंधळली. "मी जोडीला म्हणाले होते," ती म्हणाली. "ऐवजी नाही."

गाडीत बसल्यावर आईचा बांध फुटला. दहा आठवड्यांचं मराठी, आणि पहिला तडाखा मला. "एवढी घोडी झालीस आणि शिंगरू माहीत नाही तुला?" मग ती हसत होती आणि रडतही होती. निनाद मागून तिला रेडकाबद्दल काहीतरी विचारत होता आणि दोघांचं एकदम चाललेलं होतं. बाबा गाडी चालवत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने आरशातून मागे बघितलं आणि मराठीत म्हणाला, "निनाद, माझं चुकलं रे."

निनाद आईशी बोलायचा थांबला. "इट्स ओके, बाबा," तो म्हणाला.

कुठल्या वयाला कुठला शब्द यावा हे मला आता कोणी विचारलं तर मी सांगेन की तीन वर्षांच्या मुलाला "नको" म्हणता यावं, पाच वर्षांच्याला नेमकं कुठे काय होतंय ते सांगता यावं, आणि तेराव्या वर्षी मोठं माणूस चुकत असेल तर त्याला तोंडावर सांगण्याइतकी शब्दांची शिदोरी असावी. "माझं चुकलं" पुष्कळांना उशिरा येतं, काहींना येतच नाही. बाबाला ते चाळिशीच्या आत आलं, ह्याचा मला अभिमान आहे. पण आलं तेव्हा उशीर झाला होता. फ्रीजवरचा कागद त्याने त्याच दिवशी फाडायला घेतला; लॅमिनेट केलेलं फाटत नाही, म्हणून कात्रीने कापला. घर पूर्वीसारखं बोलायला लागलं. निनाद आईशी मराठी, माझ्याशी मराठी, पुढे माझ्या मुलीशीसुद्धा मराठी. आणि बाबाशी इंग्रजी. मुद्दाम नाही, राग धरून तर अजिबात नाही, त्या दोघांचं एकमेकांवर फार प्रेम आहे. पण बाबाचा चेहरा समोर आला की निनादच्या तोंडात इंग्रजीच येतं. त्या दहा आठवड्यांत ती वाट पडली ती पडली.

आज बाबा सदुसष्ट वर्षांचा आहे आणि निनादला स्वतःची दोन मुलं आहेत. रोज संध्याकाळी बाबा त्याला फोन लावतो आणि मराठीत विचारतो, कसा आहेस, काय केलंस आज, पोरं काय म्हणतात. निनाद सगळ्याची उत्तरं देतो, मोकळेपणाने, हसून, इंग्रजीत. बाबा पुढचा प्रश्न मराठीत विचारतो. इतकी वर्षं हे असंच चाललंय. मागच्या रविवारी मी तिथेच होते. फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, सोड ना आता. नाही बदलायचा तो."

"का सोडू?" बाबाने चष्मा काढून पुसला. "माझ्याशी मराठी सोडायला त्याला दहा आठवडे लागले. मला काही घाई नाही."